वाऱ्याचा बोगदा



सायकलवरून अंबाझरीकडे जाताना समोरून वारा सुटला, की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. पायडल जड होतं आणि आपण आपोआप हँडलवर वाकतो. वाऱ्याला अडवणारं अंग तेवढंच कमी! मोटारीला मात्र रस्त्यावर असं वाकता येत नाही. तिला घडवतानाच वाकवून ठेवावं लागतं.

हे वर्गात सांगत होते, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मंग ट्रॅक्टर डब्यावानी कायले असते?"

प्रश्न एकदम झकास! आपल्या हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. पण ट्रॅक्टर शेतात चालतो माणसाच्या चालीने, त्याला हवेचं काय भय? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला, की विरोध दुप्पट नाही, चौपट! ताशी ५० किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीला हवेपेक्षा टायरचं घर्षणच जास्त मागे ओढतं. १०० वर मात्र पारडं फिरतं. चाकांपर्यंत पोचलेल्या ताकदीतली निम्म्याहून जास्त नुसती हवा बाजूला सारण्यात जाते. म्हणजे पेट्रोल आपण भरतो आणि पितो वारा.

नागपूरकरांना हा हिशेब आता जवळचा झाला आहे. मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ साली पूर्ण झाला. सपाट भागात तिथे मोटारीला ताशी १२० ची मुभा आहे. ८० ऐवजी १२० ने गेलं, तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. करून बघा गणित: दीड गुणिले दीड.

आता, वारा तर दिसत नाही. मग तो गाडीला कुठे अडतो हे शोधायचं कसं? त्यासाठी असतो विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा बोगदा. यातली युक्ती सोपी आहे. गाडी वाऱ्यात धावली काय आणि उभ्या गाडीवर वारा धावला काय, सारखंच! राइट बंधूंनी १९०१ साली अशाच एका छोट्या पेटीत पंखांचे कितीतरी आकार तपासले होते. मोटारीच्या बोगद्यात प्रचंड पंखा असतो. त्याचा गरगरणारा वारा जाळ्यांतून सरळ करून घेतात. गाडी तराजूवर उभी असते. हा तराजू वजन नाही, वारा गाडीला किती मागे ढकलतो ते मोजतो. धुराची बारीक रेघ सोडली, की वारा कुठून सुरळीत जातो, कुठे भोवरा करतो ते डोळ्यांनी दिसतं. कधी गाडीभर लोकरीचे तुकडे चिकटवतात. जिथे ते वेडेवाकडे फडफडतात, तिथे गडबड आहे असं समजायचं.

इटलीत ट्युरिनजवळ पिनिनफारिना या कंपनीने पूर्ण आकाराची मोटार मावेल असा बोगदा १९७२ साली उभारला. पुढे ही कंपनी घेण्याचा करार कुणी केला, माहीत आहे? डिसेंबर २०१५ मध्ये, आपल्या ट्रॅक्टरवाल्या महिंद्राने!

आपल्याला वाटतं, गाडीचं नाक टोकदार केलं की झालं. पण खरी गोम मागच्या बाजूला असते. मोठ्या माणसाला जवळ बसवून हा प्रयोग करा. पाटी उभी धरा, तिच्यामागे तीन-चार बोटांवर मेणबत्ती लावा आणि समोरून पाटीवर फुंका. ज्योत विझत नाही, उलट पाटीकडेच झुकते! पाटीच्या जागी गोल बाटली ठेवून फुंकलं, तर वारा बाटलीला वळसा घालून ज्योत विझवतो. पाटीमागे जो भोवरा होतो, तसाच मोटारीमागे होतो आणि तिला मागे खेचतो. म्हणून मोटारीचा मागचा भाग हळूहळू निमुळता करतात.

पालकांसाठी एक गोष्ट. जाहिरातीतलं मायलेज पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत मोजतात. तिथे गाडी रोलरवर, जागच्या जागी धावते. समोरून वारा नसतो, म्हणून हवेचा विरोध रोलरवर भार देऊन भरून काढतात. भारतात वर्षानुवर्षं वापरलेल्या या चाचणीत वेग ९० च्या वर जातच नाही. तेव्हा १२० ने शिर्डीला जाऊन आल्यावर, "मायलेज का पडलं?" म्हणून मेकॅनिकला रागावू नका. टपावर रिकामं कॅरिअर असेल तर तेही काढून ठेवा. माझ्या मते कॅरिअर हा मोटारीवरचा सर्वांत महागडा पाहुणा. काही न करता पेट्रोल खातो!

आता तुमच्यासाठी काम. महामार्गावर काही कंटेनर-ट्रकांच्या केबिनवर तिरकं टोपडं बसवलेलं दिसतं. ते कशासाठी असेल? पाटी आणि मेणबत्ती आठवा, आणि उत्तर चित्र काढून पाठवा.