कचेरीतला सदरा आणि कोकणची हवा

रत्नागिरीत जयस्तंभाच्या आसपासच्या सरकारी कचेऱ्यांतून, न्यायालयातून, बँकांतून आणि शाळा-महाविद्यालयांतून रोजची हजेरी लावणारा नोकरदार जो सदरा अंगात घालून घराबाहेर पडतो, तो किती दिवसांनी धुवावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी इतका घरगुती वाटतो की त्याचा जाहीर ऊहापोह करणे कुणाला अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या प्रश्नाचा संबंध आरोग्याशी, पैशाशी, घरातल्या श्रमांच्या वाटणीशी आणि टेबलापलीकडे उभ्या असलेल्या माणसाविषयीच्या आदराशी पोहोचतो, तो प्रश्न क्षुल्लक मानता येत नाही. माझे मत निःसंदिग्ध आहे. मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत या किनाऱ्यावर एकदा अंगात घातलेला सदरा धुतल्याविना दुसऱ्यांदा घालू नये. तो पाण्याने आणि साबणानेच धुवावा. आणि इस्त्रीची घडी पाहून स्वच्छतेचा निर्वाळा देण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, ती सोडून द्यावी.

हा नियम मी सर्व मुलखांना लावीत नाही. घाटावर, पुण्याच्या किंवा सोलापूरच्या कोरड्या हवेत, सावलीत बसून काम करणाऱ्या माणसाने सदरा रात्रभर हवेशीर टांगून दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला, तर त्यात फारसे वावगे नाही, कारण तेथे घाम उमटतो तसा उडूनही जातो. रत्नागिरीची गोष्ट निराळी. येथे पाऱ्याचा आकडा विदर्भाच्या मानाने सौम्य असतो, पण समुद्रावरून येणारी हवा बाष्पाने इतकी संपृक्त असते की घाम उडण्याऐवजी कापडात मुरतो. आणि लांज्याहून, संगमेश्वराहून किंवा पावसहून एस. टी.च्या गर्दीत उभ्याने आलेल्या कारकुनाचा सदरा दप्तर उघडण्यापूर्वीच पाठीला चिकटलेला असतो. जो तलाठी किंवा भूमापक मे महिन्याच्या दुपारी कातळावरून पायपीट करून परततो, त्याच्याविषयी तर वाद घालण्याचेच कारण नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुखद दिवसांत, आत रोज धुतलेला गंजीफ्रॉक असेल आणि काम बैठे असेल, तर एखादा सदरा दोन दिवस वापरण्यास माझी हरकत नाही. मात्र ही सवलत ऋतूची आहे आणि ऋतूबरोबरच तिची मुदत संपते.

सदरा मळला की नाही हे आपण डोळ्यांनी ठरवतो, आणि चूक होते ती तेथेच. घाम बव्हंशी पाणी आणि मीठ यांचाच असतो, आणि शरीराबाहेर पडताना त्याला जवळजवळ वास नसतो. परंतु काखेतील विशिष्ट ग्रंथींतून स्रवणाऱ्या द्रव्यावर त्वचेवरील सूक्ष्म जंतू उपजीविका करतात, आणि त्या विघटनातून जी द्रव्ये निर्माण होतात त्यांचा वास आपल्याला येतो. या क्रियेस पांढऱ्याशुभ्र कापडावर कोणतीही दृश्य खूण उमटावी लागत नाही. सायंकाळी उतरवलेल्या सदऱ्याची कॉलर उलटून तिची मानेला लागणारी आतली घडी उजेडात धरावी, म्हणजे बाहेरून निष्कलंक दिसणाऱ्या त्याच सदऱ्यावर तेलकट, पिंगट रेषा दिसते; ती धुळीची, त्वचेतील तैलांशाची आणि केसांना लावलेल्या तेलाची मिळून झालेली असते. टेरीकॉटचा सदरा लवकर वाळतो आणि कमी चुरगळतो म्हणून नोकरदारांना प्रिय आहे; परंतु त्यातील पॉलिएस्टरचा धागा हाच तैलांश घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे निर्भेळ सुती कापडापेक्षा त्याची दुर्गंधी अधिक चिवट असते.

अशा सदऱ्यावर पाणी न लावता इस्त्री फिरवणे म्हणजे मळावर शिक्कामोर्तब करणे होय. उष्णतेने कापड सपाट होते, पण मीठ आणि तैलांश जागच्या जागी राहतात. काखेतला पिवळसर डाग तर उष्णतेने अधिकच पक्का बसतो, आणि पुढे कितीही साबण खर्ची घातला तरी निघत नाही. कडक इस्त्रीचा हा शिळा सदरा अंगात घालून माणूस कामावर बसला की दुपारच्या सुमारास अंगाच्या उबेने आणि नव्या घामाने तो जुना वास पुन्हा जागा होतो.

दुसरा गैरसमज ड्रायक्लीनिंगविषयीचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिसमध्ये ज्या धुलाईचा धंदा प्रथम भरभराटीस आला, तिचे प्रयोजन लोकर, रेशीम आणि पाण्याने आकसणारी वा रंग सोडणारी भारी वस्त्रे स्वच्छ करणे हे होते. तीत पाण्याऐवजी तेल विरघळवणारे द्रावण वापरतात. आपल्याकडील लाँड्रीतला ‘पेट्रोल वॉश’ हा त्याचाच प्रकार. अशा द्रावणाने वंगण निघेल, तुपाचा डाग निघेल. परंतु घामातले मीठ पाण्यातच विरघळणारे असल्यामुळे त्यावर या द्रावणाची मात्रा चालत नाही. म्हणजे ज्या मळासाठी आपण कचेरीतला सदरा धुतो, त्यातील मुख्य भागच या महाग उपायाने मागे राहतो. पाश्चात्त्य शहरांतल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानांतही सुती सदरे सामान्यतः पाण्यानेच धुऊन यंत्राने दाबून दिले जातात. शिवाय या धंद्यात जगभर वापरले गेलेले पर्क्लोरोएथिलीन हे द्रव्य जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने मानवास बहुधा कर्करोगजनक मानले आहे, आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये नियम करून ड्रायक्लीनिंगमधील त्याचा वापर दहा वर्षांच्या मुदतीत बंद करण्याचे ठरवले. जो मळ साध्या पाण्याने निघतो, त्यासाठी अशा द्रव्यांच्या वाटेस जाण्याचे काही कारण दिसत नाही.

वकील मंडळींच्या पेहरावात हा विवेक उत्तम रीतीने पाहावयास मिळतो. काळा कोट हे बाहेरचे, अस्तर लावलेले वस्त्र असल्यामुळे तो अधूनमधून ड्रायक्लीनिंगला देणे रास्त आहे. पण कोटाखालचा पांढरा सदरा आणि गळ्याचे बँड रोजच्या रोज पाण्यात पडलेच पाहिजेत. बार कौन्सिलच्या नियमांनी सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता अन्यत्र उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती ठेवलेली नाही, यावरून पोशाखाचा शिरस्ता हवामानापुढे लवू शकतो, हे न्यायव्यवहारासही मान्य आहे असे दिसते.

माझ्या मतावर सर्वांत सबळ आक्षेप पावसाळ्याचा आहे, आणि तो मी हलका लेखत नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, जेथे कोसळतो, तेथे पडवीतल्या दोरीवर टाकलेला सदरा दोन दोन दिवस सर्द राहतो आणि त्याला कुबट वास येतो. परंतु यावरचा इलाज धुणे टाळण्यात नाही, वाळवण्याचा बंदोबस्त करण्यात आहे. घरी परतताच, घाम कापडात मुरण्यापूर्वी, सदरा धुवावा. न पिरगळता निथळू द्यावा. मग हँगरवर चढवून, शेजारच्या कपड्यापासून वीतभर अंतर राखून, रात्रभर पंख्याखाली ठेवावा. आणि सकाळी जो थोडा ओलावा उरेल तो इस्त्रीने काढावा, कारण धुतलेल्या ओलसर कापडावर इस्त्रीचे काम खरोखर सार्थकी लागते. पावसाळ्यात खळ मात्र वर्ज्य करावी. खळ घातलेले सुती कापड दमट कपाटात ठेवले की त्यावर बुरशीचे काळे ठिपके उमटतात आणि त्याला कसर लागते.

रोज धुतल्याने कापड विरते, असेही म्हटले जाते. सदऱ्याची कॉलर विरली की शिंप्याकडून ती उलटवून घेण्याची काटकसर ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या तोंडी हा आक्षेप आदरास पात्र आहे. परंतु कापडाचे आयुष्य कमी करणारे खरे शत्रू म्हणजे ताठ ब्रश, ब्लीचिंग पावडर आणि अतितप्त इस्त्री. आणि हे तिन्ही लागतात ते मळ साचू दिल्यामुळेच. ताज्या घामाचा सदरा थोड्या साबणाने आणि हलक्या हाताने निघतो. पाण्याचा आक्षेपही असाच तपासून पाहावा. जून ते सप्टेंबर पाण्यात बुडणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, हे दुर्दैवी सत्य आहे. अशा दिवसांत कॉलरला व काखेला तेवढा साबण लावून अर्ध्या बादलीत सदरा खळबळून काढला तरी काम भागते.

या सर्वांहून गंभीर प्रश्न मात्र वेगळाच आहे. सदरा रोज धुवावा, असे पुरुषाने सांगणे सोपे असते, कारण बहुतेक घरांत सदरा घालणारा एक आणि धुणारी दुसरी असते, आणि ती दुसरीही अनेकदा स्वतःची नोकरी करून दमून आलेली असते. म्हणून माझ्या नियमाचे दुसरे, तितकेच बंधनकारक कलम असे, की ज्याने सदरा घातला त्यानेच तो धुवावा. जेथे ते शक्य नसेल तेथे परिटाला किंवा लाँड्रीवाल्याला त्याच्या श्रमाचा रास्त मोबदला घासाघीस न करता द्यावा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेल्या गाडगेबाबांनी ठिगळांची वस्त्रे अंगावर वागवीत, हाती खराटा घेऊन साऱ्या महाराष्ट्राला स्वच्छतेचा धडा दिला. वस्त्राचे मोल आणि वस्त्राची स्वच्छता या भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या आयुष्याइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशानेही सिद्ध झालेले नाही. दोनच सदरे असलेला शिपाई रोज एक धुऊन आलटूनपालटून घालत असेल, तर तो कपाटभर सदरे असलेल्या वरिष्ठापेक्षा पोशाखात तसूभरही उणा नाही.

शासनाने ८ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकाद्वारे कर्मचाऱ्यांच्या पेहरावाचे नियम घालून दिले, तेव्हा चर्चा झाली ती जीन्सची, टी-शर्टाची आणि शुक्रवारच्या खादीची. पोशाखाचा प्रकार ठरवण्याइतकीच आस्था तो पोशाख हवामानास साजेल आणि रोज धुता येईल, याविषयीही दाखवली गेली पाहिजे. कोकणातील बँकांनी व खासगी कंपन्यांनी मार्च ते नोव्हेंबर टाय आणि कोट यांची सक्ती काढून टाकावी, अर्ध्या बाह्यांचा सुती सदरा सर्वत्र ग्राह्य मानावा, आणि चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांना गणवेशाबरोबर धुलाई भत्ता देण्याची जी वहिवाट आहे, तिची रक्कम आजच्या साबणाच्या व मजुरीच्या दराशी सुसंगत करावी. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आहे. तेव्हा तीन चांगले सदरे आणि रोजची दहा मिनिटे एवढ्या भांडवलावर हा नियम कुणालाही पाळता येईल. सात-बाराच्या उताऱ्यासाठी किंवा पेन्शनच्या अर्जासाठी दूरच्या वाडीवरून आलेला माणूस, कचेरीत जायचे म्हणून, स्वतःजवळचा धुतलेला कपडा काढून घालतो. त्याचा अर्ज हाती घेणाऱ्यानेही त्याच्यासमोर तसेच बसावे, हे लोकसेवेचे कर्तव्यच आहे.