‘लक्ष दे’ म्हणणं पुरे झालं, आता सोय द्या

पालकसभेत वर्षानुवर्षं एक वाक्य फिरतंय. ‘मूल हुशार आहे हो, पण लक्षच देत नाही.’ मूल स्वमग्न असेल तर त्याला जोडही मिळते, ‘आणि हट्टी तरी किती!’ टेबलासमोर बसलेले आईबाप मान डोलावतात, घरी येऊन मुलावर ओरडतात, रात्री एकमेकांना दोष देतात आणि पुढच्या सभेला पुन्हा तेच ऐकायला जातात. हे थांबायला हवं. ज्या मुलाला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे आणि त्याच्या जोडीला लक्ष टिकवणं अवघड करणारी एडीएचडीही आहे, त्याला नुसतं ‘लक्ष दे’ म्हणणं म्हणजे चष्मा न देता फळ्यावरचं वाच म्हणणं आहे.

घरातली एक सकाळ बघा. अकरा वर्षांचा मुलगा शाळेसाठी तयार होतोय. आधी बनियन, मग शर्ट, मग डावा मोजा, मग उजवा, हा क्रम त्याने स्वतःच ठरवलेला आहे आणि तो मोडलेला त्याला सोसत नाही. डावा मोजा पायात चढतो आणि तेवढ्यात खाली घंटागाडीचं गाणं वाजतं. मुलगा गॅलरीत पळतो. गाडीची मागची फळी वर कशी जाते ते बघत राहतो. परत येतो तेव्हा उजवा मोजा कुठे ठेवला ते आठवत नाही. आई दुसरा जोड पुढे करते, पण त्याच्या लेखी क्रम मोडलाय, म्हणून तो शर्ट काढून पुन्हा बनियनपासून सुरुवात करतो. आई म्हणते ‘लवकर!’, व्हॅनचा हॉर्न वाजतो, आणि मुलगा दोन्ही कानांवर हात ठेवून खाली बसतो.

या दहा मिनिटांत हट्ट कुठेच नाही. ऑटिझमला ठरलेला क्रम हवा असतो आणि एडीएचडी तो क्रम हातून निसटू देते. ठरलेल्या गोष्टींशिवाय या मुलाचा जीव घाबरा होतो, आणि ठरलेली गोष्ट धरून ठेवणंच त्याला सगळ्यात अवघड जातं. म्हणून एकाच बाजूचा विचार करून दिलेले सल्ले फसतात. ऑटिझमसाठी भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक लावलं, तर चौथ्या दिवशी त्याच्याकडे नजरही जात नाही. लक्ष टिकावं म्हणून तास खेळ, टाळ्या, गाणी यांनी भरला, तर त्या गोंगाटानेच मूल कोसळतं. आणि तेच मूल एसटीच्या वेळापत्रकात तीन तास बुडालेलं दिसलं की घरातली मंडळी म्हणतात, ‘बघा, मनात आणलं तर जमतं याला.’ मनात आणण्याचा इथे संबंध नाही. लक्ष कुठे चिकटावं आणि कुठून सुटावं, हे ठरवणारी मेंदूतली यंत्रणाच वेगळी चालते. आवडीच्या विषयात ते इतकं रुततं की भूक-तहानही कळत नाही.

ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही असलेल्या माणसांना ओळखायला वैद्यकशास्त्रानेही उशीर केला. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमवरचा पहिला मोठा लेख लिहिला १९४३ साली. पण अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या ज्या निदानपुस्तिकेचा आधार जगभर घेतला जातो, तिच्या १९९४च्या आवृत्तीत नियम होता की ऑटिझम असेल तर एडीएचडीचं वेगळं निदान करायचं नाही. तो नियम गेला थेट २०१३ साली, पाचव्या आवृत्तीत. अभ्यासांतले आकडे वेगवेगळे आहेत, तरी ऑटिस्टिक मुलांपैकी साधारण पाव हिश्शापासून निम्म्याहून अधिक मुलांत एडीएचडीची लक्षणं आढळतात. म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्या माणसांची अख्खी पिढी एकाच निदानावर, किंवा निदानाशिवायच, मोठी झाली. त्यातल्या मुली तर आणखी मागे राहिल्या. वर्गात गप्प बसणारी, बाईंचं बोलणं पाठ करून तसंच बोलणारी, घरी आल्यावर दार लावून रडणारी मुलगी कुणाच्या नजरेत येणार?

तुम्ही त्या पिढीतले असाल, तर हे तुमच्यासाठी. नोकरी लागल्यावर तोंडी दिलेल्या चार कामांतलं पहिलंच आठवतं आणि उरलेली तीन तुम्ही पुन्हा विचारू शकत नाही, कारण मागच्या वेळी विचारलं तेव्हा सगळे हसले होते. मोबाइलचं बिल भरायला पैसे आहेत, ॲप उघडलेलं आहे, तरी ते भरलं जात नाही. दिवसभर लोकांसारखं वागण्यात सगळा जोर खर्च होतो आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून काय करायला आलो होतो तेच आठवत नाही. तुम्ही आळशी नाही आणि कधीच नव्हता. उठा, तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांना दोन्हींबद्दल विचारा. एडीएचडीची औषधं ऑटिझमबरोबरही चालू शकतात. प्रतिसाद मात्र काहीसा कमी आणि दुष्परिणाम काहीसे जास्त दिसू शकतात, म्हणून डॉक्टर कमी मात्रेपासून सुरुवात करून लक्ष ठेवतात. औषध घ्यायचं की नाही, हे तुम्ही आणि डॉक्टरांनी ठरवायचं. शेजारच्या काकूंनी नव्हे.

आता कायद्याकडे वळू, कारण आपली ताकद तिथे आहे आणि ती फार थोड्यांनी वापरलीय. १९९५च्या अपंग कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने त्याचं नाव घेतलं आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांच्या यादीत त्याला जागा दिली. एडीएचडीचं नाव त्या यादीत आजही नाही. त्यामुळे प्रमाणपत्राच्या रांगेत माणसाचा अर्धा भाग मोजला जातो आणि अर्धा वाऱ्यावर राहतो. हा अन्याय आहे आणि यादी वाढवून घेण्यासाठी आवाज उठवायलाच हवा. पण तोवर हात बांधून बसायची गरज नाही. त्याच कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची व्याख्या यादीपेक्षा मोठी आहे. दीर्घकाळची उणीव आणि समाजाने उभे केलेले अडथळे मिळून ज्याचा सहभाग अडतो, तो दिव्यांग, असं ती सांगते. कलम १६ मान्यताप्राप्त शाळांना मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायला सांगतं. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

‘पण दिव्यांगत्वाचे चाळीस टक्के भरत नाहीत ना!’ हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. ते ऐकून परत फिरू नका. विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सांगितलं, की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही. लिहिताना हात आखडणारा एक उमेदवार एकटा लढला, म्हणून हे घडलं. २०२२च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला चाळीस टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. एका माणसाने एवढं केलं. एकेका तालुक्यातले पंचवीस पालक एकत्र आले तर काय होईल, याचा विचार करा.

शिक्षकहो, तुमच्यावर पटसंख्येचं आणि सर्वेक्षणांचं ओझं आहे हे मान्य. पण मी जे मागतेय त्याला पैसा जवळपास लागत नाही. सूचना एका वेळी एकच द्या आणि ती फळ्यावर लिहा. करकरणाऱ्या पंख्याखालून आणि दारापासून मुलाचं बाक हलवा. वर्गाबाहेर जाऊन पाच मिनिटं फिरून यायची परवानगी द्या, आणि ती मागताना बोलावं लागू नये म्हणून हातात एक कार्ड द्या. तास बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. आवाज कमी करणारा हेडफोन घातला तर तो शिस्तभंग समजू नका. हात चाळवत असतील तर चाळवू द्या. कित्येक मुलांचे कान तेव्हाच उघडे असतात.

सरकारी यंत्रणेलाही जागं करायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे, आणि तपासायच्या गोष्टींत ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहेत. पथक येतं तेव्हा त्याला वजन-उंची घेऊन, दात बघून निघून जाऊ देऊ नका. आई म्हणून, सरपंच म्हणून, आशाताई म्हणून पुढे होऊन विचारा, की वाढ आणि वागणुकीची तपासणी झाली का, आणि मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कधी पाठवताय?

शाळा उघडायच्या आत मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा. मुलाला काय आहे ते दोन ओळींत, काय सोय हवी ते मुद्देसूद, आणि खाली कलम १६ आणि १७. दोन प्रती काढा आणि एकीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय ऑफिसमधून हलू नका. उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पोच जोडून पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. हक्क डावलला गेला तर चौकशीचा अधिकार कायद्याने त्यांना दिलाय. आणि अर्ज द्यायला एकट्या जाऊ नका. जिच्या मुलाला काय होतंय हे अजून कुणी धड सांगितलेलंही नाही, अशी एक तरी आई तुमच्या ओळखीत असेल, तिला बरोबर घेऊन जा.