किल्ल्या कोणाच्या कमरेला?

तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर, सिंधुदुर्गाला खेटून, गोव्याचा एक चिमुकला किल्ला उभा आहे. सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांनी तो 1746 साली घेतला. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी याच तटावर तिरंगा फडकविला व त्याबद्दल तुरुंगवास सोसला. किल्ल्याच्या चौकात संत अंतोनीचे चर्च आहे. पुढे या वास्तूचे हेरिटेज हॉटेल झाले आणि तिथल्या सात खोल्यांना आठवड्याच्या सात वारांची नावे देण्यात आली. चर्च मात्र मे महिन्यातील सणासारख्या प्रसंगीच सर्वांसाठी उघडण्याची रीत पडली. म्हणजे वार सातही भाड्याने मिळावेत, आणि हरवलेल्या वस्तू शोधून देणाऱ्या संताला भेटायला भाविकाने वर्षभर वाट पाहावी!

वाचकहो, जुन्या वास्तूंची डागडुजी करणाऱ्या उद्योजकांशी आमचे वैर नाही. राजस्थानातील निमराणा येथील पंधराव्या शतकातील किल्ला 1986 साली अमन नाथ व फ्रान्सिस वाझियार्ग यांनी घेतला, तेव्हा तो अक्षरशः ढासळत होता. 1991 साली तेथे पाहुण्यांचे निवासस्थान सुरू झाले. पुढे त्याच समूहाने आमच्या शेजारच्या माथेरानमधील एका ब्रिटिशकालीन बंगल्यालाही नवे आयुष्य दिले. चुना, सागवान, कौले यांचे जुने कसब त्यामुळे थोडेफार टिकले. पुरातत्त्व खात्याच्या निळ्या फलकाखाली गवत वाढते आणि भिंती पडतात, हे आम्ही वसईच्या किल्ल्यातील चर्चच्या भग्नावशेषांत लहानपणापासून पाहत आलो आहोत. तेव्हा पैसेवाल्याने हात लावला की वास्तू बाटली, असे आम्ही म्हणणार नाही.

आमचा आक्षेप आहे तो 'ओसाड' या शब्दाला. वास्तू ओसाड आहे, हे ठरविले कोणी? सप्टेंबर 2019 मध्ये राज्यातील सुमारे पंचवीस किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी दीर्घ मुदतीच्या कराराने देण्याच्या धोरणाची बातमी आली आणि महाराष्ट्र खवळला. त्यावर शासनाने खुलासा केला, की शिवरायांशी निगडित संरक्षित किल्ल्यांना हात लागणार नाही. विचार आहे तो केवळ वर्ग दोनमधील असंरक्षित किल्ल्यांचा. लोकांचा राग शमला. आमचे मन मात्र त्या 'दोन'पाशी अडखळले. ज्यांच्यासाठी रस्त्यावर उतरणारे कोणी नाही, त्या आठवणी आपोआप दुसऱ्या वर्गात जातात काय?

रेवदंड्याच्या खाडीपलीकडील कोर्लईचा किल्ला पाहा. वर तट, बुरूज, छप्पर नसलेले चर्च. नकाशावर बोट ठेवणाऱ्याला तो ओसाडच दिसेल. पण पायथ्याच्या गावात सुमारे हजारभर कॅथलिक माणसे आजही 'नौलिंग' बोलतात. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून जन्मलेली ही बोली त्या किल्ल्याच्याच सावलीत वाढली. किल्ला सोडून गेले ते सैन्य; माणसे कुठेच गेली नाहीत. अटल सेतू 12 जानेवारी 2024 रोजी खुला झाल्यापासून मुंबईचा पैसा रायगडच्या किनाऱ्यावर अधिकच वेगाने उतरतो आहे. उद्या एखादा उद्योजक या तटापाशी येऊन उभा राहिला, तर त्याला पायथ्याची वस्ती दिसेल काय? की ती फक्त खोल्या झाडायला आणि मासळी तळायला लागणारी माणसे म्हणून दिसेल?

ख्रिस्तसभेचा कायदा याबाबत मुका नाही. वापरात नसलेले चर्च 'लौकिक परंतु हीन नव्हे' अशा कामाला देण्याची मुभा महागुरूस्वामींना आहे. परंतु त्याआधी धर्मगुरूंच्या मंडळाचे मत ऐकावे लागते आणि त्या वास्तूवर ज्यांचा रास्त हक्क आहे त्यांची संमती लागते. धर्मविधिसंहितेतील 1222 वा नियम तो हाच. चैनीचा व्यवसाय आणि वारसा यांचे हाडवैर आहे असेही नाही. स्पेनमध्ये सांतियागो दे कोंपोस्तेला येथे राजा फर्डिनंड व राणी इझाबेला यांनी 1499 साली यात्रेकरूंसाठी रुग्णालय बांधण्याची आज्ञा दिली. 1954 पासून ते उंची हॉटेल आहे. तरीही रोज येणाऱ्या पहिल्या दहा यात्रेकरूंना तेथे मोफत जेवू घालण्याची प्रथा चालत आली. दहा ताटांनी हॉटेल बुडत नाही.

अशी ताटे भलेपणावर सोडून चालत नाही, हे नवी मुंबईकरांना सांगायला नको. पंचाण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची भाषा सुरू झाली. जे आधी कागदावर येत नाही, ते नंतर रक्त सांडून मागावे लागते.

आता थोडे आमच्याच अंगणात. धर्मग्रामातील जुनी दगडी घरे, पोर्तुगीजकालीन विहिरी, रस्त्याकडेचे क्रूस यांची नोंद आपण किती ठिकाणी ठेवली? वडिलोपार्जित घराचे कौल बदलायला मुले फिरकत नाहीत. व्हिलावाला दलाल आला की मात्र दुबईहूनही फोन येतो. आम्ही धर्मगुरूही काही धुतल्या तांदळासारखे नाही. गळके छप्पर दुरुस्त करण्यापेक्षा नवे सभागृह बांधणे आम्हांला सोपे वाटत आले.

म्हणून मागणी अशी, की यापुढे प्रार्थनास्थळ असलेली कोणतीही वास्तू हॉटेलासाठी देताना ग्रामस्थांचा प्रवेश, सणाची मिस्सा आणि दफनभूमीची वाट ही करारातच लिहावी. चर्चची एक किल्ली गावाकडे राहावी. कोर्लईसारख्या ठिकाणी बोलणी झालीच, तर मेजाशी नौलिंग बोलणारी एखादी आजी बसलेली असावी. आणि सही होण्यापूर्वी तो मसुदा तिला मराठीतून वाचून दाखवावा, सावकाश.