बुडाचा रंग: विष वाढवायचं नाही, पुरवून वापरायचं



३१ जुलैला बंदी संपते. बोटी वर ओढलेल्या आहेत, बुडं खरवडून झाली आहेत, आणि आता सगळ्यांच्या तोंडी एकच विषय आहे: यंदा बुडाला रंग कुठला मारायचा? त्यात मागच्या आठवड्यात एक विक्रेता जेटीवर येऊन गेला. त्याच्या डब्यावर मोठ्या अक्षरात ‘नॅनो कॅप्सूल’ असं छापलेलं. भाव आपल्या नेहमीच्या तांब्याच्या रंगाच्या जवळजवळ दुप्पट. दोन सभासदांनी आगाऊ पैसेही देऊन टाकले. बाकीच्यांनी संस्थेला विचारलं, ‘घ्यावा की न घ्यावा? आणि संस्थेने एकत्र मागवला तर स्वस्त पडेल का?’

आम्ही चार दिवस वाचलं, विचारलं, आपापसात भांडलो. त्यातून आमचं जे मत झालं ते इथे मांडतो. पटलं नाही तर खाली बिनधास्त लिहा.

आधी ही कॅप्सूल म्हणजे काय ते बघू. आपल्या डिझेलच्या पावत्यांचं पुस्तक आठवा. वरच्या पानावर लिहिलं की कार्बन न घालता खालच्या पानावर उमटतं. तो कागद १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीने बाजारात आणला. वरच्या पानाच्या पाठीवर डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक कुप्या असतात आणि त्यांत रंग भरलेला असतो. पेनाचा दाब पडला की कुपी फुटते आणि रंग खाली उतरतो. माल आत सांभाळायचा आणि जिथे हवा, जेव्हा हवा तिथेच सोडायचा, ही त्यामागची युक्ती.

दुसरी तऱ्हा सच्छिद्र मालाची. आपला मातीचा माठ बघा. पाणी आत असतं, पण भोकांतून थोडं थोडं पाझरत राहतं. तसे सिलिकाचे, म्हणजे वाळू-काच ज्या पदार्थाची बनते त्याचे, बारीक कण करता येतात. त्यांच्या अंगाला २ ते ५० नॅनोमीटर रुंदीची छिद्रं असतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८०,००० नॅनोमीटर धरतात, म्हणजे छिद्र किती बारीक त्याचा अंदाज येईल. त्या छिद्रांत औषध भरलं की ते एकदम बाहेर येऊ शकत नाही. वाट अरुंद आणि वाकडी असल्यामुळे रांगेतून यावं तसं हळूहळू येतं.

आता हे बुडाच्या रंगाला कसं लागू होतं ते पाहू. बार्नकलचं पिल्लू पाण्यात तरंगत असतं. जागा पसंत पडली की ते तिथे चिकटतं आणि मग सिमेंटसारखं घट्ट बसतं. ते बसू नये म्हणून आपल्या रंगात कॉपर ऑक्साइड असतं, आणि त्याच्या जोडीला बऱ्याच रंगांत आणखी एखादं औषध असतं. औषध म्हणायचं, पण आहे ते विषच. ते रंगातून पाण्यात सुटतं तेव्हाच काम करतं. अडचण इथेच आहे. साध्या रंगात पहिल्या काही आठवड्यांत विष भराभर सुटतं आणि पुढे धार कमी होत जाते. आपण ऑगस्टला बोट पाण्यात ढकलतो. तेव्हा नदीला पूर असतो, खाडीचं पाणी गोडं असतं आणि बुडाला बसणारे फारसे नसतातच. पाणी पुन्हा खारं झालं, बुडं भरायचे दिवस आले, की तोवर रंगातला दम निघून गेलेला असतो. गरज नाही तेव्हा उधळपट्टी, गरज आहे तेव्हा रिकामा खिसा.

ही उधळपट्टी जाते कुठे? आपल्याच नदीत. ज्या पात्रात बोटी नांगरतो त्याच पात्रात आपल्या आया-बहिणी ओहोटीला तिसऱ्या, खुबे आणि कालवं काढतात. कालवं तांबं अंगात साठवून ठेवतात. ज्या पाण्यात तांबं फार, तिथली कालवं हिरवट पडल्याचं अनेक देशांत पाहिलं गेलं आहे. म्हणजे बोटीच्या बुडाचा हिशोब शेवटी टोपलीत येतो. आपण पुरुषमंडळी डिझेलचा हिशोब मांडतो, टोपलीचा मांडत नाही.

डिझेलचा हिशोबही खराच आहे, तो आम्ही नाकारत नाही. अमेरिकेच्या आरमारी फ्रिगेटसाठी मायकल शुल्ट्झ या अभ्यासकाने २००७ साली गणित मांडलं होतं. बुडावर कठीण कवचांचा जाड थर बसला तर तोच वेग राखायला ८६ टक्क्यांपर्यंत जास्त ताकद लागते, असं त्यातून निघालं. आपला ट्रॉलर म्हणजे फ्रिगेट नव्हे, तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. पण बूड भरलं की इंजिन कसं कण्हतं ते प्रत्येक तांडेलाला ठाऊक आहे. तेव्हा रंगच मारू नका, असं सांगणाऱ्यांतले आम्ही नाही.

मग कॅप्सूलचा रंग चांगलाच की! तत्त्व म्हणून हो, चांगला. पोर्तुगालच्या आवेरू विद्यापीठातल्या संशोधकांनी डीसीओआयटी नावाचं बुडाच्या रंगातलं विष सच्छिद्र सिलिकाच्या अतिसूक्ष्म कुप्यांत भरून पाहिलं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत ते विष मोकळं पाण्यात असताना समुद्री जिवांना जेवढा अपाय करत होतं, त्यापेक्षा कुपीत बंद असताना अनेकांना कमी अपाय झाला. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने पिंजऱ्यांच्या जाळ्यांवर अतिसूक्ष्म कॉपर ऑक्साइडचा लेप देऊन प्रयोग केले आहेत. ती कॅप्सूल नव्हे, पण विचार जवळचा आहे: थोडक्या मालात काम भागवायचं. त्यामुळे ही नुसती विक्रेत्याची थाप आहे असं म्हणणं चूक होईल.

पण ‘हळूहळू सुटतं’ एवढ्यावर भुलून जाऊ नका. याला इतिहास साक्षीला आहे.

ट्रायब्यूटिल टिन, म्हणजे टीबीटी, हे नाव जुन्या मंडळींच्या कानावरून गेलं असेल. कथिलापासून बनवलेलं हे विष. ते रंगाच्या रेणूलाच जोडून टाकण्याची रीत १९७० च्या दशकात निघाली. पाण्याने रंगाचा वरचा थर झिजेल तसं मोजून-मापून विष सुटायचं. जहाजं पाच-पाच वर्षं स्वच्छ राहायची. हळू सोडण्याची याहून सरस युक्ती तोवर कुणाकडे नव्हती. आणि झालं काय? फ्रान्सच्या आर्काशों खाडीत कालवांची कवचं जाड आणि वेडीवाकडी झाली, पिल्लं धरेनाशी झाली, कालवं पिकवणारे बुडाले. १९८२ साली फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर हा रंग बंद केला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर एका जातीच्या समुद्री गोगलगाईंत माद्यांना नराचे अवयव फुटू लागले आणि त्यांची वीण थांबली. त्याला लिटरभर पाण्यात नॅनोग्रॅमभर, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाएवढं विष पुरत होतं. हे दूर देशातलं दुखणं म्हणून सोडू नका. आपल्या दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९९ साली क्रोनिया कोंकणेन्सिस या गोगलगाईत हाच दोष नोंदवला. कोकणचं नाव मिरवणारा जीव, आणि त्याच्यावर ही पाळी! शेवटी २००१ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो लागू झाला. एवढ्या वर्षांत जे पाण्यात गेलं ते गाळात बसलंच.

यातून आम्ही एकच धडा घेतो. कुपी कितीही हुशार असली तरी आत काय भरलंय आणि किती भरलंय, ते विचारल्याशिवाय तिला शहाणी म्हणू नये. कॅप्सूल म्हणजे काटकसर. काटकसरीचा फायदा कधी? एकूण विष कमी भरलं तर. तेवढंच किंवा त्याहून जास्त विष कुपीत कोंबलं, तर ते आज नाही तर सहा महिन्यांनी त्याच नदीत येणार. डब्यावर ‘जास्त ताकद’ आणि ‘नॅनो कॅप्सूल’ दोन्ही छापलेलं असेल तर आधी शंका घ्या.

आमच्यातल्या एका जुन्या तांडेलाचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, ‘हाताक झोंबलो तरच खरो रंग.’ त्यांचा अनुभव आम्ही मानतो. पण हाताला झोंबणारं विष हे हातात चाललंय, बुडावर नाही. रंग मारणारी आपली पोरं उघड्या हातांनी, तोंडाला काही न बांधता बुडाखाली आडवी पडून काम करतात. यातली काही औषधं कातडीला कायमची ॲलर्जी लावतात. कुपीत बंद असलेलं विष कातडीला कमी लागावं, ही त्या रीतीची एक जमेची बाजू. तरी हातमोजे आणि मास्क कुठल्याही रंगाला लागतातच.

तेव्हा संस्थेने एकरकमी मोठी ऑर्डर द्यावी का? आमचं मत: यंदा नाही. आधी विक्रेत्याकडून चार गोष्टींची लेखी उत्तरं घ्यायची.

एक, आत कुठलं विष आहे आणि रंगाच्या वजनात ते किती टक्के. कुपीतलं आणि मोकळं, दोन्ही वेगळं लिहून द्यायचं. साध्या रंगापेक्षा एकूण प्रमाण कमी नसेल तर दुप्पट पैसे कशाला?

दोन, कुपीचं कवच कशाचं. सिलिकाचं असेल तर ती वाळूची बहीण. प्लॅस्टिकचं असेल तर विष संपल्यावर रिकामी टरफलं पाण्यातच राहणार. युरोपियन युनियनने २०२३ साली वस्तूंत मुद्दाम घातलेल्या सूक्ष्म प्लॅस्टिकवर बंधनं आणली ती उगाच नाहीत. जाळ्यांच्या तुकड्यांनी भरलेल्या समुद्रात आपण आणखी भर का घालायची?

तीन, चाचणी कुठल्या पाण्यात झाली. थंड समुद्रात वर्षभर टिकलेली कुपी आपल्या अठ्ठावीस-तीस डिग्रीच्या पाण्यात लवकर रिकामी होऊ शकते, कारण गरम पाण्यात पाझर वाढतो. शिवाय आपल्या बोटी निम्मा काळ गोड्या-खाऱ्या पाण्यात उभ्या असतात.

चार, सुरक्षेची माहिती देणारा कागद आपल्याला कळेल अशा भाषेत मिळेल का. खलाश्याला वाचता येत नाही असा कागद विक्रेत्याच्या फाईलसाठी असतो, आपल्यासाठी नसतो.

उत्तरं आली तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास नको. फायबरचे सहा तुकडे कापू, एकाच मापाचे. दोन कोरे, दोन नेहमीच्या रंगाचे, दोन नव्या रंगाचे. प्रत्येकी एक संच जेटीला आणि एक खाडीच्या मुखाशी, ओहोटीतही पाण्याखाली राहील अशा खोलीवर दोरीने सोडू. दर पंधरा दिवसांनी वर काढून फोटो, आणि फोटो याच पानावर. खर्च एका क्रेटच्या म्हावऱ्याएवढाही नाही. मे महिन्यात सगळ्यांसमोर निकाल असेल आणि पुढच्या बंदीत ऑर्डर द्यायची की नाही ते सभासद ठरवतील. ज्या दोघांनी नवा रंग घेतलाय त्यांनी खरवडण्याच्या आणि डिझेलच्या नोंदी ठेवल्या तर संस्थेवर उपकार होतील.

आणि एक काम आजपासून, ज्याला नवा रंग लागत नाही. खरवडलेला जुना रंग पाण्याच्या कडेला तसाच टाकू नका. त्या पापुद्र्यांत तांबं भरलेलं असतं आणि पहिल्या भरतीला ते थेट नदीत जातं. बुडाखाली ताडपत्री अंथरा, कचरा गोणीत भरा, गोण्या संस्थेच्या शेडमध्ये आणून द्या. पुढची विल्हेवाट कशी लावायची यासाठी आम्ही पंचायतीकडे आणि मत्स्य खात्याकडे अर्ज करतोय. सगळ्यांत महागडी कॅप्सूल वर्षभरात जेवढं विष वाचवेल, तेवढं आपण एका दुपारच्या निष्काळजीपणात नदीत ढकलतो. हे लिहिताना आम्हालाही लाज वाटते, कारण आमच्याही बोटींखाली आजवर ताडपत्री नव्हती.

शहरातली माणसं म्हणतात समुद्र मोठा आहे, सगळं पोटात घेतो. आपण त्याच्या पोटातलंच खातो. म्हणून हा हिशोब आपणच ठेवायला हवा.

नारळी पौर्णिमेला नारळ सोडायला सगळे एकत्र येऊच. त्याआधीच्या रविवारी सकाळी शेडमध्ये तुकडे रंगवायचे आहेत. हात लावायला या. तिसऱ्या-कालवं काढणाऱ्या भगिनींनी तर नक्की या. तुकडे कुठे बांधायचे ते तुम्हीच सांगा, तुमच्याइतकी ती जागा कुणालाच माहीत नाही.

दर्याची कृपा राहो.

संचालक मंडळाच्या वतीने