दर झोंबतो, पण हिशेब तरी मागा!

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतला एक तरुण रात्री घरी आला. खासगी कंपनीत कारकून, घरातला पहिला पगारदार. आईच्या दवाखान्याचे वीस हजार त्याने क्रेडिट कार्डावर भरले होते. पुढची दोन वर्षे तो दरमहा ‘किमान रक्कम’ भरत राहिला. वीस हजारांहून जास्त भरून झाले, तरी बाकी अठरा हजारांच्या आसपास उभीच! वर वसुलीवाल्यांचे फोन. तो म्हणाला, ‘‘दादा, मी फेडतोय, मग रक्कम हलत का नाही?’’

ती का हलत नाही ते पाहा. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. वीस हजारांवर महिन्याचे व्याज ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी १२६. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे १०००. त्यातले ८२६ व्याजात आणि करात गेले. मुद्दलात पडले फक्त १७४ रुपये.

आपल्या वाडवडिलांना हे नवे नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये सावकारी पाशाची चिरफाड केली. दरम्यान १८७९ चा दख्खन कृषक कायदा आला आणि रोख्यामागे जाऊन खाते पहिल्यापासून तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. दामदुपटीचा नियमही होता. मुद्दलापेक्षा जास्त व्याज नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही तो आहे, पण बँकांना तो लागू नाही. उलट बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २१अ ने न्यायालयाचे हात बांधले आहेत. बँकेचा दर जास्त आहे एवढ्याच कारणाने खाते उघडता येत नाही.

२००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. दर हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत ठरला, आणि रिझर्व्ह बँकेने कार्डासाठी कमाल दर आखून दिलेला नाही. गावच्या सावकाराला कायद्याची वेसण आणि काचेच्या इमारतीतल्या सावकाराला मोकळे रान, हा कुठला न्याय? ही लढाई संसदेत आणि रस्त्यावर लढावी लागेल. पण ती जिंकेपर्यंत हात जोडून बसायचे का? नाही. दराशी आज भांडता येत नसेल, तर हिशेबाशी भांडा. हिशेबाला नियम आहेत आणि बँका ते मोडतात.

२०२२ साली रिझर्व्ह बँकेने हे नियम स्पष्ट केले. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच उशीरशुल्क लावता येते. तेही उरलेल्या थकबाकीवर, पूर्ण बिलावर नव्हे. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर व्याज चढवता येत नाही. न मागता कार्ड चालू करून बिल लावले, तर ती रक्कम परत आणि वर दुप्पट दंड ग्राहकाला. बाकी शून्य असताना कार्ड बंद करायला सात कामाच्या दिवसांहून जास्त लावले, तर दिवसाला ५०० रुपये.

आता कामाला लागा. सगळी बिले काढा आणि वहीत रकाने आखा: देय तारीख, भरल्याची तारीख, उशीरशुल्क, व्याज, कर. चुकीच्या शुल्कापुढे खूण करा. समजा ५०० रुपये शुल्क चुकीचे आहे. त्यावर कर ९०, झाले ५९०. ते बाकीत मिसळले तर दरमहा २० रुपये ६५ पैसे व्याज आणि त्यावर कर, मिळून सुमारे २४ रुपये ३७ पैसे. चक्रवाढ न धरताही वर्षभरात मागणी ८८२ रुपयांवर जाते. मागायची ती ही पूर्ण रक्कम, नुसते पाचशे नव्हेत.

हा तक्ता जोडून बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच जपा. फोनवरच्या गोड बोलण्याला पुरावा म्हणत नाहीत. वादात नसलेली रक्कम भरत राहा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. उशीर करू नका. तिथे शुल्क नाही. तुमच्या वतीने वकिलाला तक्रारही करता येत नाही! माझ्या व्यवसायाचे नुकसान होईल, पण मला ही तरतूद आवडते. आपल्या माणसाने आपल्या हाताने अर्ज लिहावा, हेच तर आपण सांगत आलो आहोत. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. तिथे मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांना फी नाही. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी वा संध्याकाळी सातनंतर फोन केला, तर तेही तक्रारीत लिहा.

त्या तरुणाच्या चोवीस बिलांत तीन उशीरशुल्के चुकीची निघाली. पगार लांबल्याने दोन-दोन दिवस उशीर झालेले ते महिने होते. व्याजासह दोन हजारांच्या वर रक्कम परत आली. मूळ कर्ज माफ झाले नाही. ते तो फेडतो आहे. पण आता तो फोन उचलताना घाबरत नाही, उलट समोरच्याला नियम विचारतो.

आपली मुले शिकली, नोकरीला लागली आणि या सापळ्यात एकेकटी अडकली. लाजेने घरातही बोलत नाहीत. कर्ज ही लाज नाही. हिशेब न विचारणे ही गुलामी आहे. रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक तास ठेवा. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याने बिले आणावीत, ज्याला गणित येते त्याने वही धरावी. सुप्याच्या शेतकऱ्यांना रोखे जाळावे लागले, कारण त्यांना ते वाचता येत नव्हते. आपल्याला वाचता येते.