माफी एकाची, भुर्दंड गुंतवणूकदारांना
अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या माफीवर ओरड होते ती राजकारणाची. बायडेन यांनी मुलगा हंटरला माफ केलं, ट्रम्प यांनी संसदेवरील हल्ल्यातल्या सुमारे 1,500 जणांना. पैशाची बाजू मागेच राहते. उतारावरून घरंगळणारा ट्रक स्वतःच्या ताकदीवर धावतोय असं भासवणारे ‘निकोला’चे ट्रेव्हर मिल्टन फसवणुकीत दोषी ठरले, चार वर्षांची शिक्षा झाली. 2024 च्या निवडणुकीआधी त्यांनी व पत्नीने ट्रम्प यांच्या प्रचारनिधीला 18 लाख डॉलरहून जास्त दिले. मार्च 2025 मध्ये माफी मिळाली. संबंध सिद्ध नाही, पण तारखा सगळ्यांनी पाहिल्या. सरकारी वकिलांनी गुंतवणूकदारांसाठी मागितलेली भरपाईही त्यासोबत गेली. आपल्याकडे कलम 72 खाली राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असतो. तिथे एकाची सही पुरते.