मुंडकं, पोपट आणि भोंडला

यंदा भोंडल्याच्या तयारीला जमलो तेव्हा आमच्या मंडळातली एक तरुण आई म्हणाली, "सासुरवासाची गाणी गाळूया का? मुली घरी जाऊन नको ते प्रश्न विचारतात." मी गप्प बसले. घरी परतताना गाडीत मात्र हालेवाइनचं गाणं आठवत राहिलं.

हे जुनं डच-फ्लेमिश गाणं विलेम्स यांच्या संग्रहात १८४८ साली छापलं गेलं. सरदार हालेवाइनचं गाणं जी ऐकेल ती त्याच्याकडे ओढली जाते. एक राजकन्या बापाला, आईला, बहिणीला, भावाला 'जाऊ का?' विचारत फिरते, अगदी आपल्या माहेरचं मूळ आलेल्या सुनेसारखी. रानात पोचते तर फासावर बायका लटकलेल्या. मरण कसलं हवं ते निवड, असं तो म्हणतो. ती तलवार मागते आणि सुचवते, आधी अंगरखा काढ, कुमारिकेचं रक्त लांबवर उडतं. अंगरखा निघायच्या आत त्याचं मुंडकं खाली! तरी ते बोलतच राहतं.

याच गोष्टीचं इंग्रजी भावंड समुद्र ओलांडून अमेरिकेत आलं. १९१६ ते १९१८ मध्ये सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलीस ॲपलाचियन डोंगरांत गाणी टिपत हिंडले, तेव्हा तिथली माणसं ते गात होती. जादू गळाली, सरदाराचा नुसता बदमाश झाला, फासाच्या जागी पाणी आलं. सहाजणींना बुडवलं, सातवी तू, असं तो म्हणतो. कपड्यांची युक्ती मात्र शाबूत: मी कपडे उतरवते, तू पाठ फिरव. त्याने पाठ फिरवली, तिने ढकललं. घरी पोपट बोलू लागतो, त्याला ती सोन्याच्या पिंजऱ्याचं आमिष दाखवते. मुंडक्याची जागा पोपटाने घेतली, असं आपलं मला वाटतं. बोलायला कुणीतरी हवंच ना!

त्याच डोंगरांत 'प्रिटी पॉली' हे दुसरं गाणंही टिकलं. त्यातली मुलगी वाचत नाही. तिच्यासाठी खड्डा आधीच खणलेला असतो. ते कुणी गाळलं नाही.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं, जरा जास्तच लांबवलं. गाणी राहिली. भोंडल्याला हत्तीभोवतीचा फेर थांबल्यावर एका दहा वर्षांच्या मुलीने विचारलंच, "ती सून पळून का नाही गेली?" तिची आजी तिला बाजूला घेऊन बसली. काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, खिरापत ओळखायचा गलका सुरू झाला होता.